डिझाइन आणि व्हिडिओसाठी लॅपटॉप घेताय? आधी हे वाचा

प्रवेशांची धावपळ संपली की अनेक घरांत एक नवा विषय निघतो. मुलीला डिझाइनला प्रवेश मिळालेला असतो, नाहीतर मुलाला अ‍ॅनिमेशन किंवा मास मीडियाला. फी भरून झालेली असते, वसतिगृहाचे पैसेही दिलेले असतात आणि आता लॅपटॉप हवा असतो. काही घरांत गरज वेगळी असते. आई घरबसल्या लग्नपत्रिका आणि दुकानांच्या जाहिराती करून देते, दादा समारंभांचे व्हिडिओ एडिट करतो आणि आता ते काम मोबाइलवर भागत नाही.

दोन्हीकडे पैसा मोजकाच असतो. साठ-सत्तर हजार रुपये बाजूला काढणे हे मध्यमवर्गीय घरासाठी सोपे नाही. शिवाय हा लॅपटॉप निदान चार वर्षे टिकायला हवा, कारण निवड चुकली तर दुसरा लगेच घेता येत नाही. म्हणून दुकानात पाऊल टाकण्याआधी काय पाहायचे आणि काय सोडून द्यायचे, ते आज समजून घेऊ.

आधी काम कागदावर लिहा

‘डिझाइनचा लॅपटॉप’ असे म्हटले तरी त्यात निदान तीन वेगळी कामे येतात. पहिले, स्थिर चित्रांचे काम : पोस्टर, पत्रिका, लोगो, फोटो. दुसरे, व्हिडिओ कापणे-जोडणे. तिसरे, थ्रीडी आणि हलती ग्राफिक्स. या तिन्हींचा भार लॅपटॉपच्या वेगवेगळ्या भागांवर पडतो.

मुलांसाठी घेत असाल तर कॉलेजकडून सॉफ्टवेअरची यादी मागून घ्या. पहिल्या वर्षी बरेच काम हाताने, कागदावर चालते आणि अनेक कॉलेजांत लॅबही असते. तसे असेल तर खरेदी काही महिने पुढे ढकलणे हाही शहाणपणाचा निर्णय ठरू शकतो.

यादी हाती आली की प्रत्येक सॉफ्टवेअरला काय लागते ते कंपनीच्याच संकेतस्थळावर पाहा. उदाहरणार्थ, फोटोशॉपला किमान ८ जीबी रॅम लागते, पण अडोबीची शिफारस १६ जीबीची आहे. प्रीमिअर प्रोसाठी एचडी व्हिडिओला १६ जीबी आणि ४के व्हिडिओला ३२ जीबी सुचवलेली आहे. ‘किमान’ म्हणजे सॉफ्टवेअर उघडेल, ‘शिफारस’ म्हणजे नीट काम करता येईल. आपण दुसरा आकडा धरायचा.

पहिला पैसा रॅमवर

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि स्टोरेज म्हणजे कपाट. कपाट कितीही मोठे असले तरी ओटा लहान असेल तर दर वेळी एक डबा ठेवून दुसरा काढावा लागतो. लॅपटॉप ‘हँग होतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा हेच चाललेले असते.

म्हणून आज या कामासाठी १६ जीबीपेक्षा कमी रॅम घेऊ नका. ‘आत्ता ८ जीबी घ्या, नंतर वाढवा’ हा सल्ला पूर्वी ठीक होता. पण २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटर्सची मागणी वाढली आणि रॅमच्या किमती जगभर चढल्या. ‘नंतर’ स्वस्तच पडेल, असे धरून चालता येत नाही.

दुकानदाराला दोन प्रश्न विचारा. रॅम बदलता येते की बोर्डावरच सोल्डर केलेली आहे? आणि एखादा स्लॉट मोकळा आहे का? पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा कायमची जोडलेली असते. तिथे जे घ्याल, तेवढ्यावरच शेवटपर्यंत भागवावे लागते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसेल तर ८ जीबीच्या दोन पट्ट्या १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षा चांगल्या. दोन वाटांनी माहिती वाहते आणि चित्राचे काम वेगाने होते.

प्रोसेसरचे नाव नको, पूर्ण क्रमांक वाचा

‘आय-५ आहे, रायझन ५ आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. क्रमांकाच्या शेवटचे अक्षर महत्त्वाचे आहे. ‘यू’ म्हणजे कमी वीज खाणारा, बॅटरी टिकवणारा प्रोसेसर. ‘एच’ किंवा ‘एचएस’ म्हणजे जोरकस कामाचा. पोस्टर-पत्रिकांसाठी नव्या पिढीचा ‘यू’ चालतो, व्हिडिओसाठी ‘एच’ बरा.

एएमडीच्या ७००० मालिकेत आणखी एक खूण आहे. चार आकड्यांतला तिसरा आकडा आतली रचना किती जुनी ते सांगतो. रायझन ५ ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे आत २०१९ साली आलेली झेन २ ही रचना आणि फक्त ४ कोअर. रायझन ५ ७५३५एचएस मध्ये तो ३ आहे, म्हणजे झेन ३ प्लस आणि ६ कोअर. दोन्ही खोक्यांवर ‘रायझन ५’ असेच लिहिलेले असते, कामात मात्र मोठा फरक पडतो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, अशी ही गत!

मोबाइलवर काढलेले व्हिडिओ एडिट करणाऱ्यांसाठी एक गोष्ट उपयोगाची आहे. आजचे फोन जागा वाचवण्यासाठी व्हिडिओ एच.२६५ पद्धतीने दाबून साठवतात. तो उलगडायला लॅपटॉपला बरेच कष्ट पडतात. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये या कामासाठी ‘क्विक सिंक’ नावाचा वेगळा भाग असतो. त्यामुळे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेला इंटेलचा नवा लॅपटॉपही रील्स आणि छोटे व्हिडिओ चांगले हाताळतो.

ग्राफिक्स कार्ड कोणाला हवे?

सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, कॅनव्हा आणि साध्या एचडी एडिटिंगसाठी महागडे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ते लागते ब्लेंडरसारख्या थ्रीडी सॉफ्टवेअरला, दाविंची रिझॉल्व्हमध्ये रंग सुधारायला आणि भरपूर इफेक्ट्स असलेल्या ४के व्हिडिओला.

तुमचे काम यातले असेल तर कार्डाच्या नावाबरोबर त्याची स्वतःची मेमरी विचारा. आरटीएक्स ३०५० हे कार्ड लॅपटॉपमध्ये ४ जीबीचेही येते आणि ६ जीबीचेही. थ्रीडी आणि ४के साठी ६ जीबीचेच घ्या. दुसरे म्हणजे वॅट विचारा. आरटीएक्स ४०५० एका लॅपटॉपमध्ये ३५ वॅटवर चालते, तर दुसऱ्यात ११५ वॅटपर्यंत जाते. नाव एकच असले तरी वेग वेगळा असतो.

या कार्डांचे लॅपटॉप बहुतेक ‘गेमिंग’ या नावाने विकले जातात. त्यांचे वजन बहुधा दोन किलोच्या वर असते, चार्जरही जड असतो आणि पूर्ण वेग चार्जर लावल्यावरच मिळतो. रोज लोकलने, मेट्रोने किंवा बसने जाणाऱ्या मुलाच्या खांद्यावर हे ओझे चार वर्षे राहणार आहे, हेही हिशेबात धरा.

स्क्रीनकडे दुर्लक्ष नको

कमी किमतीच्या लॅपटॉपमध्ये कंपन्या सर्वांत आधी स्क्रीनवर काटकसर करतात आणि दुकानदार त्याबद्दल सहसा बोलत नाही. माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे दिसले तर डिझाइनसाठी तो लॅपटॉप सोडून द्या. अशा स्क्रीनवर एसआरजीबी रंगांपैकी साधारण ६० ते ६५ टक्केच रंग दिसतात. कुंकवाचा लाल फिकट दिसतो आणि पैठणीचा जांभळा उतरलेला.

त्याचा परिणाम असा होतो की काम करणारी मुलगी रंग गडद करत जाते. तिच्या स्क्रीनवर ते छान दिसतात. तेच चित्र ग्राहकाच्या चांगल्या फोनवर उघडले की रंग भडक दिसतात आणि छापून आले की आणखी वेगळे. दोष तिच्या नजरेत नसतो, स्क्रीनमध्ये असतो, पण पत्रिका परत येते ती तिच्याकडे.

म्हणून ‘१०० टक्के एसआरजीबी’ हे शब्द शोधा. काही ठिकाणी ‘७२ टक्के एनटीएससी’ असे लिहितात, त्याचा अर्थ जवळपास तोच. पॅनेल आयपीएस असावे आणि उजेड ३०० निट्स तरी असावा. काम घरीच, एका जागी बसून करायचे असेल तर साधी स्क्रीन असलेला लॅपटॉप आणि त्याला जोडायला चांगला आयपीएस मॉनिटर, ही जोडीही उत्तम. मॉनिटर पुढच्या लॅपटॉपलाही कामी येतो.

व्हिडिओला जागा किती लागते?

हिशेब सोपा आहे. कॅमेऱ्यातला ४के व्हिडिओ १०० मेगाबिट वेगाचा असेल तर एका तासाला ४५ जीबी जागा खातो. दोन कॅमेऱ्यांनी चार तासांचे लग्न चित्रित केले की ३६० जीबी झाले. ५१२ जीबीच्या लॅपटॉपमध्ये विंडोज आणि सॉफ्टवेअर ठेवल्यावर एवढी जागा उरेलच असे नाही.

तरीही महागडा १ टीबीचा लॅपटॉप घ्यायलाच हवा असे नाही. ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि दुसऱ्या एसएसडीसाठी मोकळा स्लॉट असलेला लॅपटॉप घ्या, गरज पडेल तेव्हा भर घाला. संपलेली कामे बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. ग्राहकाचे लग्न पुन्हा लागणार नाही, तेव्हा चित्रीकरणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी हव्यातच.

मॅकबुक की जुना लॅपटॉप?

मार्च २०२५ मध्ये आलेल्या एम-४ मॅकबुक एअरची भारतातली सुरुवातीची किंमत ९९,९०० रुपये होती आणि विद्यार्थ्यांसाठी ८९,९००. रॅम १६ जीबी, स्क्रीन उत्तम, बॅटरी दिवसभर टिकणारी आणि पंखा नसल्याने आवाज शून्य. चित्रांचे काम आणि ४के एडिटिंग दोन्ही जमते. पण रॅम आणि स्टोरेज नंतर वाढवता येत नाही आणि कॉलेजात फक्त विंडोजवर चालणारे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकवत असतील तर अडचण होते. तेव्हा यादी पाहूनच ठरवा.

जुना किंवा रिफर्बिश्ड लॅपटॉप घेणार असाल तर एक मर्यादा लक्षात ठेवा. विंडोज १० ची नियमित मदत मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुना कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

सॉफ्टवेअरचाही खर्च धरा

महिन्याचे भाडे भरून चालणारी सॉफ्टवेअर चार वर्षांत मोठी रक्कम खातात. कॉलेज विद्यार्थ्यांना परवाना देते का, ते विचारा. स्वतःचा व्यवसाय असेल तर मोफत पर्यायही भक्कम आहेत. दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत ४के पर्यंतचा व्हिडिओ तयार करता येतो. ब्लेंडर, क्रिता आणि इंकस्केप पूर्णपणे मोफत आहेत. पूर्वी विकत घ्यावे लागणारे अ‍ॅफिनिटी ऑक्टोबर २०२५ पासून मोफत झाले आहे. ‘क्रॅक’ केलेले सॉफ्टवेअर मात्र टाकू नका. त्यातून आलेला व्हायरस ग्राहकांच्या फाइल्ससकट सगळे कुलूपबंद करू शकतो.

लॅपटॉप थोडा कमी पडत असेल तर ‘प्रॉक्सी’ वापरायला शिका. सॉफ्टवेअर मोठ्या व्हिडिओच्या हलक्या प्रती बनवते, तुम्ही त्यांच्यावर एडिटिंग करता आणि शेवटी मूळ फाइल्समधून व्हिडिओ तयार होतो. साध्या लॅपटॉपवरही ४के चे काम यामुळे निभावते.

खरेदीच्या दिवशी

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बेंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, यांपैकी जे जवळ असेल तिथे एक फेरी मारा. ऑनलाइन घ्यायचे ठरले असले तरी स्क्रीन डोळ्यांनी पाहून या. पेन ड्राइव्हमध्ये ओळखीचे फोटो आणि एक व्हिडिओ न्या, तेच लॅपटॉपवर आणि आपल्या फोनवर शेजारी ठेवून पाहा.

मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या स्क्रीनचे आणि रॅमचे लॅपटॉप असतात. जीएसटीचे पक्के बिल घ्या. सिरिअल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी तपासा. मूल ज्या शहरात शिकणार आहे तिथे सर्व्हिस सेंटर आहे ना, ते पाहा. ‘नो कॉस्ट’ हप्त्यांत प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी लागू शकतो, म्हणून एकूण रक्कम विचारून घ्या.

पैसे कमी पडले तर

मग कशावर पाणी सोडायचे? स्थिर चित्रांचे काम असेल तर ग्राफिक्स कार्ड सोडा, स्क्रीन सोडू नका. व्हिडिओचे असेल तर स्टोरेज कमी घ्या, रॅम आणि ‘एच’ प्रोसेसर धरून ठेवा. थ्रीडीचे असेल तर वजन आणि बॅटरी सोसा, पण ६ जीबीचे कार्ड घ्या. बॅकलिट रंगीत कीबोर्ड, टचस्क्रीन आणि खोक्यावरचे ‘एआय’चे स्टिकर या तिघांसाठी जादा पैसे देऊ नका.

आणि एक विनंती पालकांना. दुकानात जाण्याआधी मुलांबरोबर बसून ही यादी त्यांनाच करू द्या. बजेटचा आकडा स्पष्ट सांगा आणि त्यात काय बसते ते त्यांना शोधू द्या. चार वर्षे त्या लॅपटॉपवर तेच काम करणार आहेत.