लांडग्याचं नाणं आणि राणीछाप रुपया

२०२५ च्या धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. घरात अनारशांचं पीठ भिजत घातलेलं, फराळाचा पसारा पडलेला आणि समोरच्या वहिनी एक निळा मखमली डबा घेऊन दारात उभ्या! "ताई, जरा बघा ना, याचे किती लाख येतील?"

डब्यात चांदीची सहा नाणी होती, प्रत्येक वेगळ्या पारदर्शक डबीत. त्यांचा भाचा टोरांटोला असतो. काही वर्षांपूर्वी येताना त्यानं एक-एक, दोन-दोन करत ही आणली. एका बाजूला इंग्लंडची राणी, दुसऱ्या बाजूला जनावर. लांडगा, ग्रिझली अस्वल, कूगर म्हणजे तिकडचा डोंगरी सिंह, मूस नावाचं भलंथोरलं सांबर, प्राँगहॉर्न हे हरणासारखं जनावर आणि वुड बायसन. हा बायसन म्हणजे आपल्या राधानगरीच्या गव्याचा दूरचा भाऊबंदच म्हणा. भाच्यानं सांगितलं होतं, "मावशी, हे कलेक्टरचं नाणं आहे, जपून ठेव." आता वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, म्हणून जपून ठेवलेलं बाहेर निघालं.

'कलेक्टरचं नाणं' या शब्दात सगळी गोम आहे. कॅनडाच्या टांकसाळीनं २०११ ते २०१३ या तीन वर्षांत, वर्षाला दोन अशी ही सहा नाणी काढली. प्रत्येकाचं वजन एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम. चांदी ९९.९९ टक्के शुद्ध. त्यावर ५ डॉलर लिहिलंय, म्हणजे कॅनडात ते कायद्यानं खरं चलन आहे. पण पाच डॉलर, आपले साधारण तीनशे रुपये, एवढ्यावर ते खर्च करणारा वेडाच म्हणायचा! किंमत आहे ती आतल्या चांदीची. आणि दुर्मीळ म्हणाल, तर प्रत्येक प्राण्याची दहा लाख नाणी पाडायचं ठरलेलं होतं. दहा लाखांतलं एक नाणं देखणं असू शकतं, हौसेचं असू शकतं, दोन पैसे जास्तही मिळवून देईल. पण लॉटरी नाही.

मी कागद-पेन्सिल घेतली. त्या आठवड्यात चांदी किलोला दीड लाखाच्या वर होती. दीड लाख धरले तर एका नाण्याचे झाले ४,६६५ रुपये. सहाचे अठ्ठावीस हजारांच्या आसपास. वहिनींचा चेहरा उतरला. खरं तर अठ्ठावीस हजार काही कमी नाहीत, पण मनात लाख धरून आलेल्या बाईला ते कमीच वाटणार.

त्यापुढची गंमत (गंमत कसली!) सराफाकडे झाली. मी सोबत गेले होते. त्यानं डबी उघडली, नाणं उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, "हे बाहेरचं, आमच्याकडे याचं गिऱ्हाईक नाही. वितळवून बघावं लागेल, घट धरून दहा टक्के कापीन." नाण्यावर ९९९९ असा आकडा ठसठशीत उठवलेला असताना घट कशाची? पण त्याच दुकानात त्याच दिवशी लक्ष्मीची दहा ग्रॅमची नाणी घडणावळ लावून, वर ३ टक्के जीएसटी घेऊन, रांग लावून विकली जात होती. घेताना नाणं असतं, विकताना ते मोड होतं. हा अनुभव आपल्यापैकी कुणाला नाही?

तिथंच आणखी एक कळलं. वहिनींनी सणाचं म्हणून लांडग्याचं नाणं डबीतून काढून रांगोळीनं घासून लख्ख केलं होतं! कारण त्यावर पांढरे, दुधाचे थेंब सुकल्यासारखे डाग आले होते. हे डाग त्यांच्या हातून पडलेले नव्हते. कॅनडाच्या चांदीच्या नाण्यांची ती जुनी तक्रार आहे आणि टांकसाळीनं २०१८ पासून त्यावर उपाय म्हणून नवी प्रक्रिया सुरू केली. डाग पडले तरी धातूला काही होत नाही. घासलं की मात्र चरे पडतात, आणि नाणी जमवणारा माणूस चरे पडलेल्या नाण्याकडे ढुंकूनही बघत नाही. समई घासायची सवय हाताला लागलेली असते, त्या बिचाऱ्या तरी काय करणार? तेव्हा मैत्रिणींनो, आजीच्या गाठोड्यातला राणीछाप रुपया असेल तर त्यालाही चिंच, राखुंडी, टूथपेस्ट काही लावू नका.

राणीछापवरून आठवलं. तो रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे जुना बरोब्बर एक तोळा, आणि त्यात चांदी सुमारे ९२ टक्के. दीड लाखाच्या भावानं त्याचे नुसत्या चांदीचेच सोळाशे रुपये होतात. नाण्यावरच्या जनावराची एक गोष्टही आपल्याकडची आहे. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या अंगावरच्या दागिन्यात एक हत्ती कोरला होता. तो इतका बारीक, की लोकांना तो डुक्कर वाटला! एवढा गहजब झाला की पुढच्या वर्षी सोंड नीट दिसेल असा नवा साचा करावा लागला. त्या वादातले जे रुपये लोकांच्या हाती राहिले, ते आज जमवणारे शोधत फिरतात. दुर्मीळ म्हणतात ते याला.

बरं, नाण्यावर मिरवणाऱ्या त्या जनावरांचं काय? मला हे जाणून घ्यावंसं वाटलं, आणि वाचल्यावर जरा गप्पच झाले. वुड बायसन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकारीमुळे काही शेकड्यांवर आला होता. त्याच्यासाठी १९२२ मध्ये मोठं राष्ट्रीय उद्यान केलं. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं आणि १९२५ ते १९२८ मध्ये तिथं गवताळ प्रदेशातले सहा हजारांहून जास्त दुसऱ्या जातीचे बायसन आणून सोडले. त्यांच्याबरोबर क्षयरोग आला, संकर झाला आणि मूळ जात संपली असंच सगळे धरून चालले. १९५७ मध्ये एका कोपऱ्यात वेगळा राहिलेला कळप सापडला. त्यातले मोजके प्राणी दुसरीकडे हलवून पुढचा सगळा वंश वाढवला. ज्या वर्षी तो नाण्यावर आला, त्याच २०१३ मध्ये तिथल्या तज्ज्ञ समितीनं त्याच्यावरचा धोका थोडा कमी झाल्याचं नोंदवलं. भल्या हेतूनं केलेल्या कामानंही किती नुकसान होतं, हे सामाजिक कामात असलेल्या आम्हा बायकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे!

लांडग्याचं उलट. अल्बर्टा प्रांतात २००५ पासून कॅरिबू हरणं वाचवायची म्हणून लांडगे हेलिकॉप्टरमधून टिपले गेले, विषही घातलं गेलं. कॅरिबूंचं जंगल तेल आणि लाकडासाठी तोडलं माणसानं, आणि शिक्षा लांडग्याला. २०११ च्या नाण्यावर मात्र तोच लांडगा रुबाबात उभा. १९७४ पासून काही वर्षं निसर्गसंवर्धन संस्थांनी वेगवेगळ्या देशांकडून प्राण्यांची नाणी काढवून विक्रीतून जंगलासाठी पैसा उभा केला होता. वहिनींची नाणी त्यातली नव्हेत. ही सरळ चांदी आहे, वर चित्र असलेली.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय, की त्याच आठवड्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. चौदा बायका, महिन्याला तीनशे, वर्षाचे पन्नास हजार चारशे. एकीनं विषय काढला, "ताई, सगळ्याची चांदीची नाणी घेऊ. भाव बघा कसा चाललाय!" माना हलल्या. चूक त्यांचीही नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये चांदीनं औंसाला पन्नास डॉलर ओलांडले, १९८० चा विक्रम मोडला. त्यामागं नुसती अफवा नाही. आज जगातली निम्म्याहून जास्त चांदी कारखान्यांत जाते, सौर पॅनेलमध्ये, इलेक्ट्रॉनिक्समध्ये. आणि गेली काही वर्षं खाणीतून आणि मोडीतून येते त्यापेक्षा मागणी जास्त राहिली.

पण मी तोंड पोळलेली बाई आहे. २०११ च्या एप्रिलमध्ये, लांडग्याचं नाणं निघालं त्याच वर्षी, चांदी अशीच रोज चढत होती. मी घरखर्चातून वाचवलेल्या पैशांची पाव किलो चांदी घेतली. यजमानांना सांगितलंसुद्धा नाही. तीन आठवड्यांत भाव जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं खाली! रुपयात तो भाव परत दिसायला २०२० उजाडलं, आणि डॉलरमध्ये तर २०२५. मधल्या काळात मुलाची फी भरायची वेळ आली तेव्हा ती चांदी तोट्यात मोडली.

गटाच्या बैठकीत मी हेच सांगितलं. गटाचा पैसा गटातच फिरतो, कुणाची शिलाई मशीन, कुणाचं बाळंतपण, कुणाची जूनमधली फी. तो कपाटात डबीत बसला तर जूनमध्ये काय करायचं? एकीनं लगेच विचारलं, "नाण्यांवर कर्ज मिळतं ना?" मिळतं. रिझर्व्ह बँकेनं जून २०२५ मध्ये नियम काढले, १ एप्रिल २०२६ पर्यंत ते लागू करायचे असं सांगून. चांदीचे दागिने दहा किलोपर्यंत आणि नाणी पाचशे ग्रॅमपर्यंत तारण चालतात, विटा-लगड चालत नाहीत. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. मात्र किंमत धरतात ती फक्त धातूची. लांडगा, अस्वल, लक्ष्मी, सगळे एकाच काट्यावर. शिवाय कर्जाला व्याज असतं, ते वेगळंच.

बराच वाद झाला. शेवटी असं ठरलं की पाच हजारांची चांदी घ्यायची, हौस म्हणून, आणि तीही हॉलमार्क असलेली. चांदीवरही १ सप्टेंबर २०२५ पासून ओळख क्रमांकासह हॉलमार्क मिळतो. सक्तीचा नाही, म्हणून मागून घ्यावा लागतो. बाकीचे पैसे गटात राहिले. दोघी अजून माझ्यावर रुसलेल्या आहेत.

वहिनींनी त्या सराफाला नाणी दिली नाहीत. भाच्याशी फोनवर बोलणं झालं, तो सुट्टीवर येईल तेव्हा पाच नाणी परत नेऊन तिकडच्या दुकानात विकून देणार आहे. तिथं ती नाणी म्हणूनच घेतात. ऑपरेशनसाठी लागणाऱ्या बाकीच्या रकमेचं बघू, असं मुलगा म्हणालाय. घासलेला लांडगा तेवढा त्यांनी ठेवून घेतला. लक्ष्मीपूजनाला तो दोन राणीछाप रुपयांच्या शेजारी चौरंगावर होता, हळदीकुंकू लावलेला.