मौनाचा नट: स्मोक्तुनोव्हस्की

रशियन अभिनयकलेचा विषय निघाला, की आपल्याकडील चर्चा स्तानिस्लाव्हस्कीच्या नावापाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. एका पद्धतीच्या नावावर साऱ्या रंगभूमीचा हिशेब मिटविण्याची ही सवय समीक्षेला सोयीची खरी. पण तीत नट हरवतो. इनोकेन्ती स्मोक्तुनोव्हस्की (१९२५–१९९४) हा अशा हिशेबात न मावणारा नट होता.

सैबेरियातील एका खेड्यात तो जन्मला. महायुद्धात आघाडीवर असताना १९४३ च्या अखेरीस तो जर्मनांच्या हाती सापडला. कैदेतून निसटल्यावर एका युक्रेनी कुटुंबाने त्याला आश्रय दिला. पुढे तो गनिमी पथकात सामील झाला आणि पुन्हा सैन्यात लढला. परंतु शत्रूच्या कैदेत राहून आलेल्या सैनिकाकडे स्तालिनच्या राज्यात संशयानेच पाहिले जाई. युद्धानंतरची त्याची वाट गेली ती उत्तर ध्रुववृत्तापलीकडील नोरिल्स्ककडे, म्हणजे श्रमछावणीच्या कैद्यांनी उभारलेल्या शहरातील रंगभूमीकडे. मखाचकला, स्तालिनग्राद अशी भ्रमंती करीत तो मॉस्कोला पोहोचला, तेव्हा तिशी आली होती आणि नाव कोणालाच ठाऊक नव्हते.

१९५७ च्या अखेरीस लेनिनग्रादमध्ये तोव्स्तोनोगोवने दोस्तोयेव्हस्कीची ‘इडियट’ रंगभूमीवर आणली आणि मिश्किनच्या भूमिकेसाठी या अपरिचित नटाची निवड केली. वीरनायकांच्या भरदार आवाजाला सरावलेल्या प्रेक्षकांपुढे एक संकोची, हळुवार बोलणारा माणूस उभा राहिला. त्याचे दुबळेपण हेच त्याचे नैतिक बळ होते.

कोझिन्त्सेवच्या ‘हॅम्लेट’ (१९६४) या चित्रपटात तेच बळ अधिक कणखर झाले. संवाद पास्तरनाकच्या भाषांतराचे होते. १९५८ मध्ये ज्याला नोबेल पारितोषिक नाकारणे भाग पडले, त्या कवीचे शब्द पडद्यावरून उच्चारले जात होते; आणि ते उच्चारणारा नट स्वतः कैद व संशय या दोहोंतून गेलेला होता. कोझिन्त्सेवचा एल्सिनोर दगडी भिंतींचा, लोखंडी दारांचा, हेरांनी भरलेला आहे. स्मोक्तुनोव्हस्कीचा हॅम्लेट तेथे द्विधा मनाने झुरत बसत नाही. तो पाहतो, ओळखतो आणि गप्प राहतो. बासरीच्या प्रवेशात आपल्याला वाजवू पाहणाऱ्या मित्रांना तो फटकारतो, त्या वेळीही त्याचा संताप आवाजापेक्षा डोळ्यांतच अधिक असतो. या भूमिकेसाठी १९६५ मध्ये त्याला लेनिन पारितोषिक मिळाले. ज्या राज्यसंस्थेने माणसांना मौन शिकविले, तिनेच त्या मौनाच्या कलेचा गौरव करावा, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जीवनातील यातनांमुळेच अभिनय थोर झाला, असे समीकरण मांडणे सोपे आहे आणि म्हणूनच संशयास्पद आहे. कैदेतून लक्षावधी आले. हॅम्लेट एकच झाला. शिवाय हाच नट १९६६ मध्ये रियाझानोवच्या विनोदी चित्रपटात भ्रष्टाचाऱ्यांच्या मोटारी चोरून त्यांचे पैसे अनाथालयांना पाठविणारा विमा एजंट झाला आणि तेथे हौशी रंगमंचावरील हॅम्लेटही त्याने रंगविला. आपल्याच कीर्तिशिखराकडे असे मिश्किलपणे पाहणे केवळ दुःखभोगाने साधत नाही. १९७० मध्ये तर ‘गुन्हा आणि शिक्षा’वरील चित्रपटात तो रास्कोल्निकोव्हला जाळ्यात घेणारा पोर्फिरी झाला. संशयिताने संशय घेणाऱ्याचे मन इतक्या समजुतीने उभे करावे, याचा उलगडा चरित्र करू शकत नाही. तो शिस्तीतून, वाचनातून आणि भूमिकेविषयीच्या न्यायबुद्धीतूनच करावा लागेल.

चरित्राने त्याला काय सांगू नये हे शिकविले. ते न सांगता कसे पोहोचवावे हे कलेने शिकविले. तार्कोव्हस्कीच्या ‘आरसा’ (१९७५) या चित्रपटात निवेदकाचा चेहरा प्रेक्षकाला दिसत नाही. ऐकू येतो तो स्मोक्तुनोव्हस्कीचा आवाज. नट दिसत नसतानाही त्याची उपस्थिती जाणवत राहते. पद्धतींची नावे पाठ करणाऱ्या समीक्षेने निदान हा आवाज एकदा लक्षपूर्वक ऐकावा.