शेजारच्या शाळेत तिची खुर्ची

प्रति,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई



मी धामणगाव बढे (ता. मोताळा, जि. बुलढाणा) इथून लिहिते आहे. माझी भाची नऊ वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. मान सावरते, पण पाठ धरत नाही. गावातल्या सुतारकाकांनी तिच्यासाठी बाभळीची खुर्ची केली. दोन्ही बाजूंना उंच हात, पुढे फळी आणि छातीशी बांधायला तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या वहिनीच्या, जुन्या साडीचा पट्टा. त्या खुर्चीत बसवलं की तिचे हात मोकळे होतात. मग ती पाटीवर स्वतःचं नाव लिहिते. वेलांटी काढताना श्वास रोखून धरते.

तीन वर्षांपूर्वी एका शाळेतल्या बाईंनी आम्हाला सांगितलं, "घरीच राहू द्या, इथं तिला कोण पाहील?" त्या बाईंचा राग नाही. वर्ग भरलेला आणि त्या एकट्या.

अशा मुलांना शाळा नाही म्हणतात, हे जुनंच आहे. मुंबईच्या हॉर्मसजी आणि जालू वकील यांची लेक दीना हिला डाउन सिंड्रोम होता. तिच्यासाठी १९४४ साली त्यांनी घरातच शाळा काढली. तीच आजची जय वकील शाळा. पण कपाशी वेचायला जाणाऱ्या वहिनीनं घरात शाळा कशी काढावी?

म्हणूनच कायदा लागतो. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. त्याच्या कलम ३१ नं ६ ते १८ वर्षांच्या, ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या मुलांना शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, पसंतीप्रमाणे, मोफत शिकण्याचा हक्क दिला. 'शेजारची शाळा' हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रजनीश कुमार पांडे खटल्यात विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला केंद्र सरकारला सांगितलं, आणि २०२२ मध्ये केंद्रानं प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिकला १५ मागे एक, असं प्रमाण ठरवलं.

आमच्यासारख्या गावात एका शाळेत अशी दहा मुलं कुठून असणार? दोन-तीन असतात. म्हणून प्रमाणाच्या हिशेबात गाव गळायला नको. चार-पाच गावं मिळून एक विशेष शिक्षक द्या, त्यांचा वार ठरवा, आणि शिक्षण विभागाशी बोलून हे लेखी करून घ्या. तुमचा स्वतंत्र विभाग २०२२ मध्ये झाला, तेव्हा आम्हाला हीच आशा वाटली होती.

विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात. त्या दिवशी भाऊ ती खुर्ची डोक्यावर घेऊन शाळेत येईल. फळ्याशेजारी विशेष शिक्षकांचा वार आणि वेळ लिहिलेला कागद चिकटवलेला असू द्या.

आपली,
एका मुलीची आत्या