गाडीच्या पोटांतलें तांबडें तेल

गेल्या महिन्यांत लोणच्याच्या बरणीवर लिहिलें तेव्हां कित्येक भगिनींचीं पत्रें आलीं. या खेपेचा विषय पाहून त्या कदाचित् पान उलटतील. परंतु घरांत जी वस्तु वापरांत आहे तिची निगा राखणें हें घरच्या माणसांचेंच काम. मग ती बरणी असो कीं मोटार.

आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असूं, तीन वर्षांपूर्वीं निवर्तले. २००९ सालीं त्यांनीं होंडा सिटी गाडी घेतली ती स्वयंचलित गिअरची. कारण डाव्या गुडघ्यामुळें क्लच दाबणें त्यांना जमेनासें झालें होतें. गाडीची एक वही त्यांनीं ठेविली होती. पेट्रोल, चाकांतील हवा, इंजिनाचें तेल, सर्व तारीखवार. २०२४ सालीं नोंदणीचीं पंधरा वर्षें पुरीं झालीं, तेव्हां पुतण्यानें नूतनीकरण करून आणखी पांच वर्षें मिळविलीं. वहिनींना आठवड्यांतून दोनदां इस्पितळांत न्यावें लागतें आणि रिक्षाचे धक्के त्यांच्या मणक्यास सोसत नाहींत. तेव्हां ही गाडी म्हणजे आमची हौस नव्हे.

मार्गशीर्षांत तिचें एक चमत्कारिक दुखणें सुरू झालें. दांडा ‘डी’वर घेतला कीं दोन क्षण कांहींच होऊं नये, आणि मग मागून कोणीं ढकलल्यासारखी तिनें उडी घ्यावी. एका गॅरेजांत दाखविली. तेथील मुख्य म्हणाले, “गिअरचें तेल आजन्म टिकणारें असतें. आतां हात लावाल तर आहे तेंही जाईल. नवी पेटी बसवा.” जी रक्कम त्यांनीं सांगितली तिच्यापुढें गाडीची किंमतच थिटी पडावी. पुतण्या गाडी विकावयास निघाला. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. अर्धें ताट तसेंच ठेवून उठल्या.

रात्रीं मीं दादांची वही काढली. ९२ हजार किलोमीटर झालेले, पण गिअरच्या तेलाची नोंद एकही नाहीं. इतका काटेकोर मनुष्य, पण त्यांनाही कोणीं तरी ‘आजन्म’ सांगितलें असावें. व्याकरणदृष्ट्या आजन्म म्हणजे जन्मापासून. मरेपर्यंत तें आमरण. येथें दुसराच शब्द अधिक खरा ठरण्याची वेळ आली होती.

हें तेल करतें काय, तें आधीं पाहूं. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला तर त्याच्या वाऱ्यानें दुसरा फिरूं लागतो. वाऱ्याच्या जागीं तेल कल्पिलें कीं टॉर्क कन्व्हर्टरचें मर्म कळलें. हरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्यानें १९०५ सालीं या युक्तीचें एकस्व घेतलें तें जहाजांसाठीं. मोटारींत पूर्ण स्वयंचलित गिअर सर्रास विक्रीस आला तो अमेरिकेंत, ओल्ड्समोबिलच्या १९४० च्या गाड्यांतून. हेंच तेल पंपाच्या दाबानें गिअर बदलवितें, दांत्यांना वंगण देतें, उष्णता वाहून नेतें, आणि आंतील क्लचच्या चकत्यांनीं किती घट्ट व किती हळुवार धरावें हेंही ठरवितें. इंजिनाच्या तेलाहून वेगळें ओळखूं यावें म्हणून त्यास तांबडा रंग देतात. १९७० च्या सुमारापर्यंत त्यांत देवमाशाचें तेल घालीत, हें मीं वाचून दाखवितांच वहिनींनीं उठून हात धुतले. आतां तसें नाहीं, हें सांगूनही त्यांचें समाधान झालें नाहीं.

गॅरेजवाल्यांचें भय अगदींच निराधार नव्हतें. वर्षानुवर्षें तापून तेल करपतें, त्यांत चकत्यांचा भुगा मिसळतो, आणि फार झिजलेल्या पेटींत तो भुगाच थोडी पकड देत असतो असें जुने कारागीर सांगतात. असें तेल यंत्राच्या जोरानें एकदम धुऊन काढलें कीं मरणोन्मुख पेटी लौकर बसते. पण ती तेल बदलल्यानें गेली असें म्हणणें म्हणजे शेवटीं आलेल्या वैद्यावर मृत्यूचें खापर फोडणें होय. इंजिन गुरगुरतें पण गाडी वेग घेत नाहीं, आणि तेलास जळका वास येतो, अशी स्थिति असेल तर नवें तेल घालून उपयोग नाहीं. आमच्या गाडीचा गिअर उशिरा लागे, धक्का देई, पण घसरत नसे. डिपस्टिक पांढऱ्या कागदावर टिपली. डाग गडद तपकिरी होता, पण करपट वास नव्हता. एवढ्या आधारावर पुतण्याला मीं थांबविलें.

उपाय ठरला तो थोडथोडें बदलण्याचा. खालचा प्लग काढला असतां निम्म्याच्या आसपास तेल निघतें. बाकीचें कन्व्हर्टरमध्यें आणि वाहिन्यांत राहतें. जुन्या अंकगणितांत दुधांतून शेर काढून शेर पाणी घालणारा गवळी असे. तेंच हें उदाहरण उलट्या हेतूनें मांडलेलें. प्रत्येक खेपेस निम्में धरलें तर पहिल्या खेपेनंतर नवें तेल ५० टक्के, दुसऱ्या खेपेनंतर ७५, तिसऱ्या खेपेनंतर साडेसत्त्याऐंशीं. पेटीला नव्याची संवयही हळूहळू होते.

तेल आणतांना मात्र डोळे उघडे ठेवावेत. याच नांवाच्या आधींच्या आणि नंतरच्या कांहीं गाड्यांत सीव्हीटी नांवाची निराळी रचना आहे आणि तिचें तेलही निराळें. दुकानदार ‘सिटीचें द्या’ एवढ्यावर काय देईल याचा नेम नाहीं. पुस्तकांत झेड-१ असें लिहिलें होतें. त्याच्या जागीं पुढें होंडानें डीडब्ल्यू-१ आणलें, तें घेतलें.

रविवारीं सकाळीं पुतण्यानें गाडी पंधरा मिनिटें फिरवून आणली, कारण कोमट तेल गाळ घेऊन वाहतें. मागील चाकांना विटा लावल्या, पुढचा भाग जॅकनें उचलून दोहों बाजूंस लोखंडी स्टँड दिले. पुतण्या स्टँड देण्यापूर्वींच खालीं सरकूं लागला, तेव्हां मीं माझा वर्गांतला आवाज काढला. नुसत्या जॅकच्या भरंवशावर माणसें चिरडून मेलीं आहेत. दुसरी गोष्ट, खालचा प्लग काढण्याआधीं वरचें भरण्याचें भोंक उघडतें कीं नाहीं तें पाहिलें. तें अडकून बसलें असतें तर रिकामी गाडी दारांत घेऊन बसण्याची पाळी!

प्लगला चौकोनी खांच असते. तींत तीन अष्टमांश इंची रॅचेटचें टोंकच बसतें. तेल काळपट निघालें. प्लगच्या चुंबकावर काजळासारखा मऊ करडा लेप होता. तो झिजेचा, वयपरत्वें चालावयाचाच. बोटांस टोंचणारे तुकडे सांपडते तर मीं तेथेंच काम थांबवून नवें तेल परत पाठविलें असतें. पुसावयास मीं जुना पंचा पुढें केला. “काका, याचे धागे आंत गेले तर बारीक वाहिन्या तुंबतील,” असें म्हणून पुतण्यानें तो बाजूस ठेविला. नवा वॉशर घालून प्लग मापाच्या पान्यानें ४९ न्यूटन-मीटर आवळला. निघालेलें तेल बाटल्यांत मोजलें तों २ लिटर ४०० मिलिलिटर भरलें. तितकेंच नवें लांब नळीच्या नरसाळ्यानें घातलें.

मग गाडी सपाटीवर उतरवून, ब्रेक दाबून, दांडा प्रत्येक खुणेवर थोडा थोडा थांबवीत फिरविला. इंजिन तापल्यावर बंद करून साठ ते नव्वद सेकंदांच्या आंत डिपस्टिक पाहावी, अशी या गाडीची रीत आहे. इतर पुष्कळ गाड्यांत इंजिन चालू असतांना पाहतात, आणि कित्येक नव्या गाड्यांना डिपस्टिकच नसते. म्हणून ज्याच्या त्यानें आपल्या गाडीचें पुस्तक वाचावें. कमी तेल वाईट तसें अधिकही वाईट. तें घुसळून फेंसाळतें आणि दाब पडतो.

पहिल्या खेपेनें फारसें कांहीं झालें नाहीं, आणि पुतण्याचें तोंड उतरलें. चारशें किलोमीटरांनीं दुसरी खेप केली, तेव्हां गिअर लागण्यांतला विलंब गेला. आणखी चारशें किलोमीटरांनीं तिसरी केली. अजून थंडीच्या सकाळीं पहिल्या वळणापर्यंत एखादा धक्का बसतो, तो जाईल असें मला वाटत नाहीं. शेजाऱ्यांनीं जुनें तेल लांकडाच्या वाळवीसाठीं मागितलें. मीं दिलें नाहीं. २०१६ च्या नियमांप्रमाणें वापरलेलें तेल घातक कचऱ्यांत मोडतें, आणि आमची विहीर वीस पावलांवर आहे. तें परवानाधारक संग्राहकाकडे गेलें.

मंगळवारीं इस्पितळांतून परत येतांच वहिनींनीं दादांची वही मागितली आणि नोंद केली का म्हणून विचारलें. मीं पान काढून दिलें: ‘गिअरचें तेल, तिसरी खेप, ९३,१०० कि.मी.’ त्याखालीं पुतण्यानें आपल्या अक्षरांत पुढल्या खेपेचा आंकडा आधींच घालून ठेविला होता.