सोळा वेळा सूर्य उगवतो तिथली झोप

सातवीच्या वर्गात विज्ञानाचा तास चालू होता. पृथ्वी, चंद्र, कृत्रिम उपग्रह असे करत करत आम्ही आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकापर्यंत पोहोचलो. हे स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. पृथ्वीभोवती त्याची एक फेरी साधारण ९० मिनिटांत पूर्ण होते. म्हणजे आपला एक दिवस होईपर्यंत तिथे सोळा वेळा सूर्य उगवतो आणि सोळा वेळा मावळतो, असे आम्ही सांगितले. तेवढ्यात एका मुलीने हात वर केला. “सर, मग तिथे मगरिब कधी होते? आणि रोजा किती मिनिटांचा?”

वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. उद्या सांगतो म्हणालो आणि घरी येऊन वाचायला बसलो. त्या वाचनातून जे हाती लागले, ते आमच्या वर्गापेक्षा आपल्या घरांच्या जास्त कामाचे आहे असे वाटले. म्हणून या महिन्याचा लेख त्यावरच.

हा प्रश्न खऱ्या माणसांपुढे खरोखर आलेला आहे. सौदी अरेबियाचे सुलतान बिन सलमान हे अंतराळात जाणारे पहिले मुस्लिम. १७ जून १९८५ रोजी, रमजानच्या शेवटच्या दिवसांत, त्यांचे ‘डिस्कव्हरी’ यान निघाले. पुढे १० ऑक्टोबर २००७ रोजी मलेशियाचे डॉक्टर शेख मुजफ्फर शुकोर कझाकस्तानातल्या बैकोनूर तळावरून स्थानकाकडे गेले. तोही रमजानच होता. त्यांच्यासाठी मलेशियाच्या उलेमांनी वैज्ञानिकांबरोबर बसून मार्गदर्शन तयार केले. त्यात म्हटले होते की नमाज सोळा सूर्योदयांप्रमाणे नव्हे, तर चोवीस तासांत पाच वेळाच. वेळा धरायच्या त्या ज्या ठिकाणाहून यान सुटले तिथल्या. किब्ला जमेल तसा, म्हणजे काबा, ते न जमल्यास काबाच्या वरची दिशा, तेही न जमल्यास पृथ्वी, आणि काहीच शक्य नसेल तर कोणतीही दिशा. रोजा तिथे ठेवावा किंवा परत आल्यावर कजा करावा. २०२३ मध्ये संयुक्त अरब अमिरातीचे सुलतान अल नियादी सहा महिने स्थानकावर होते. पूर्ण रमजान आणि दोन्ही ईद त्यांनी वरच काढल्या. आपण मुसाफिर आहोत, त्यामुळे रोजा आपल्यावर सक्तीचा नाही, असे त्यांनी जाण्याआधीच सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात एवढे उत्तर पुरले. पण वाचताना आमच्या लक्षात एक गोष्ट आली. उलेमांना जो प्रश्न पडला, तोच प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता. सूर्य सोळा वेळा उगवत असेल तर माणसाने झोपायचे कधी? आणि डॉक्टरांचे उत्तरही तसेच निघाले. सूर्य वेळ सांगत नसेल तर एक घड्याळ ठरवा आणि ते सोडू नका. स्थानकावर ग्रीनिचची वेळ पाळतात. त्या घड्याळाप्रमाणे उठायचे, काम करायचे आणि झोपायचे. खिडकीबाहेर ऊन आहे की अंधार, याचा त्याच्याशी संबंध नाही.

तरी झोप सहजासहजी येत नाही. अंतराळात झोपलेला पहिला माणूस म्हणजे रशियाचा गेरमान तितोव. ऑगस्ट १९६१ मध्ये तो एक दिवसाहून थोडा जास्त वेळ वर होता, वय २५ वर्षे. त्याला मळमळले आणि डोके गरगरले. झोपायला गेला तर हात आपोआप वर तरंगू लागले. शेवटी हात पट्ट्याखाली अडकवून तो झोपला, आणि उठला तो ठरल्या वेळेपेक्षा अर्धा तास उशिरा.

असे का होते? आपल्या कानाच्या आत चुन्याचे बारीक खडे असतात. डोके कलले की ते सरकतात आणि त्यावरून मेंदूला कळते की आपण उभे आहोत की आडवे. वजनच जाणवत नसेल तिथे हे खडे गप्प बसतात. डोळे सांगतात एक, कान सांगतो दुसरे, आणि पहिले काही दिवस बहुतेकांना ओकारीसारखे होते. तिथे ‘आडवे होणे’ असे काही उरतच नाही. भिंतीला बांधलेल्या झोळीत शिरायचे आणि चेन लावायची, एवढेच. काहीजण उशीला डोके पट्टीने बांधून घेतात, डोके टेकल्यासारखे वाटावे म्हणून. गरम हवा वर जाते हा नियमही तिथे लागू नाही. झोपलेल्याच्या नाकासमोर त्याचीच सोडलेली हवा साचू नये म्हणून पंखा चालू ठेवावा लागतो, आणि त्याचा आवाज रात्रभर सोबत. शिवाय डोळे मिटले तरी कधी कधी प्रकाशाचे ठिपके चमकतात. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांतल्या लोकांनी हे प्रथम सांगितले. अवकाशातून येणारे वेगवान कण डोळ्यातून जाताना हे दिसते.

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अंतराळवीरांच्या झोपेचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. वेळापत्रकात त्यांना साडेआठ तास झोप दिलेली असते. प्रत्यक्षात ते सरासरी सहाच तास झोपत होते. स्थानकावरच्या चारपैकी तिघांनी कधी ना कधी झोपेचे औषध घेतले होते. ही जगातली निवडून काढलेली, तब्येतीने धडधाकट माणसे. त्यांची ही गत असेल तर दोष माणसाच्या स्वभावात शोधण्यापेक्षा त्याच्या भोवतालात शोधायला हवा.

भोवतालाचा हा परिणाम जमिनीवरही तपासला गेला आहे. १९६२ मध्ये फ्रान्सचा २३ वर्षांचा मिशेल सिफ्र आल्प्स पर्वतातल्या एका खोल गुहेत एकटा उतरला. घड्याळ नाही, सूर्यप्रकाश नाही. भूक लागली की जेवायचे, झोप आली की झोपायचे, आणि ते फोनवरून वरच्या लोकांना कळवायचे. सुमारे दोन महिन्यांनी, १४ सप्टेंबरला, त्याला बाहेर बोलावले. त्याच्या हिशेबाने ती २० ऑगस्ट होती. मनातला काळ पंचवीस दिवस मागे पडला होता. सेकंदाला एक याप्रमाणे १२० पर्यंत मोजायला सांगितले, तर त्याला पाच मिनिटे लागली. गंमत अशी की मनाचा हिशेब इतका चुकला तरी शरीराचा फारसा चुकला नव्हता. त्याचे झोपणे-उठणे साधारण साडेचोवीस तासांच्या फेऱ्यात चालले होते. म्हणजे शरीरात एक घड्याळ आहेच, फक्त ते जरासे मागे पडते. रोज ते कुणीतरी जुळवून द्यावे लागते, आणि हे काम सकाळचा उजेड करतो.

हा उजेड घड्याळापर्यंत जातो कुठून? डोळ्यातूनच. आपल्याला अभिमान वाटावा असे इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी ‘किताब अल-मनाजिर’मध्ये दाखवून दिले की डोळ्यातून किरण बाहेर जात नाहीत, प्रकाश बाहेरून डोळ्यात येतो आणि मग दिसते. डोळ्याचे काम पाहणे, हे तेव्हापासून पक्के झाले. पण २००२ च्या सुमारास संशोधकांना कळले की डोळ्याच्या पडद्यात काही पेशी पाहण्यासाठी नाहीतच. बाहेर उजेड आहे की अंधार, एवढेच त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. निळसर पांढऱ्या उजेडाने त्या सगळ्यात जास्त जाग्या होतात. असा उजेड रात्री डोळ्यात गेला की मेंदू समजतो अजून दिवस आहे, आणि रात्रीची खबर शरीराला देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा तयार होते. हे कळल्यावर २०१६ पासून स्थानकावरचे जुने दिवे बदलायला सुरुवात झाली. नव्या दिव्यांना तीन प्रकारचे उजेड आहेत. एक रोजच्या कामाचा, एक जागे ठेवणारा निळसर, आणि एक झोपेच्या आधीचा, निळा रंग कमी केलेला. जिथे रात्र नाही तिथे रात्र तयार करावी लागली.

आता आमची एक चूक सांगतो. याच वर्गात एक मुलगा आहे. पहिल्या तासाला रोज पेंगायचा. आम्ही दोनदा समज दिली, तिसऱ्यांदा वर्गाबाहेर उभे केले. रात्रभर मोबाइल पाहत असणार, असे आम्ही गृहीत धरले होते. घरी गेलो तेव्हा कळले की घरात मोबाइल एकच, आणि तो वडिलांबरोबर रातपाळीला जातो. घर एका खोलीचे. आई शिलाईचे काम घेते, नगावर. ईदच्या कपड्यांची कामे शाबानपासूनच येऊ लागतात. रात्री एक-दीडपर्यंत मशीन चालते, वर पांढरी ट्यूब, आणि त्या ट्यूबखालीच तीन मुले. आम्ही उजेडाबद्दल वाचलेले सांगायला लागलो. बाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “सर, लाइट बंद केली तर शिलाई कशी होणार? आणि शिलाई नाही झाली तर ईद कशी होणार?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. स्थानकावरचे दिवे बदलायला इंजिनिअर असतात. इथे एक बाई आणि एक मशीन. पण बोलता बोलता दोन-तीन गोष्टी जमण्यासारख्या निघाल्या. ट्यूब बंद करून मशीनच्या सुईवर पडेल असा छोटा पिवळा दिवा. मशीनचे तोंड भिंतीकडे. मधे एक जुनी चादर, दोरीवर. आणि मुलाने सकाळी फजरनंतर पुन्हा अंथरुणात न शिरता दहा-पंधरा मिनिटे बाहेर उजेडात फिरायचे. दिवा शंभर-दीडशे रुपयांचा, चादर घरचीच. शाळेत आम्ही एवढेच केले की त्याचा बाक खिडकीशी नेला आणि त्याला उभे करणे थांबवले.

पंधरा दिवस झाले. चमत्कार झालेला नाही. मशीनचा आवाज आहेच. पण आठवड्यातले तीन-चार दिवस तो पहिल्या तासाला जागा असतो, आणि परवा त्याने स्वतः हात वर करून उत्तर दिले.

ज्या घरांना असा नाइलाज नाही, त्यांच्याशी मात्र आम्हाला स्पष्ट बोलायचे आहे. कित्येक घरांत इशा झाली की दिवस सुरू होतो. टीव्ही, मोबाइल, पाहुणे, मध्यरात्रीचा चहा. इशाच्या आधी झोपणे आणि इशानंतर गप्पांत वेळ घालवणे प्रेषितांना (स.) आवडत नसे, हे आपल्या सगळ्यांना लहानपणी शिकवले जाते. रात्रभर इबादत आणि रोज रोजा ठेवणाऱ्या एका तरुण साहबींनाही प्रेषितांनी शरीराच्या हक्काची आठवण करून दिली होती. इबादतीसाठीही शरीराचा हक्क बुडवायचा नाही, तर मोबाइलसाठी तो बुडवण्याला काय आधार?

रमजान जवळ आला आहे. सेहरीला उठायचे म्हणून रात्रभर जागेच राहायचे, बाजारात फिरायचे, सेहरी करून झोपायचे आणि शाळा बुडवायची, असे अनेक मुलांचे होते. मोठ्यांनी ठरवले तर हे टाळता येते. तरावीहनंतर घरातला मोठा उजेड बंद करावा. मोबाइल एका जागी, मुलांपासून लांब ठेवावा. सेहरीच्या आधी चार-पाच तास सलग झोप मिळू द्यावी आणि उरलेली दुपारी जोहरनंतर थोडी भरून काढावी. सेहरीच्या वेळी स्वयंपाकघरातला दिवा पुरतो, लहान मुले झोपली आहेत त्या खोलीतला कशाला? आणि घरात कुणी रातपाळी करून आले असेल, तर त्याच्यासाठी दिवसा पडदा लावून अंधार करणे आणि मुलांना हळू बोलायला सांगणे, हीही त्याची खिदमतच.

त्या मुलीचा प्रश्न अजून संपलेला नाही. काल तिने विचारले, “सर, मंगळावर गेल्यावर काय? तिथला दिवस तर आपल्यापेक्षा मोठा.” खरे आहे. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा आहे. आम्ही म्हणालो, उलेमा आणि डॉक्टर दोघांनाही पुन्हा एकत्र बसावे लागेल. मागे खिडकीशी बसलेला मुलगा हसला. तेव्हा तो जागा होता.