हट्टी झाला, की ऐकू येत नाही?

शेजारच्या खालांचा धाकटा मुलगा ४४ वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून डाउन सिंड्रोम. रोज रात्री दस्तरख्वान तोच अंथरायचा, घरातली माणसे मोजून ग्लास मांडायचा. मागच्या वर्षी हे बिघडले. ग्लास हातात घेऊन नुसता उभा राहायचा, हाक मारली तरी वळायचा नाही, दिवसभर पेंगायचा. घरात कोणी म्हणे हट्टी झाला, कोणी म्हणे वय झाले, आता असेच चालायचे.

ही भीती अगदीच खोटी नाही. डाउन सिंड्रोममध्ये २१ वे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते. मेंदूत साचणारे अमायलॉइड ज्या प्रथिनापासून बनते, त्याचे जनुक याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे चाळिशीपर्यंत जवळजवळ सर्वांच्या मेंदूत हा थर दिसू लागतो आणि विस्मरणाचा आजार, म्हणजे अल्झायमर, बहुधा पन्नाशीच्या सुमारास डोके वर काढतो. पूर्वी हा प्रश्नच फारसा येत नसे. १९८३ च्या सुमारास अमेरिकेत अशा व्यक्तींचे सरासरी आयुष्य २५ वर्षे होते, आज तिथे ते साठीच्या आसपास आहे.

पण प्रत्येक बदल म्हणजे अल्झायमर नव्हे. थायरॉइड मंदावणे, कानात मळ साचणे, कमी ऐकू येणे, मोतीबिंदू, झोपेत श्वास अडकणे, हे सारे या लोकांत लवकर आणि जास्त आढळते. आई-वडील गेल्याचे दुःखही असते, ते त्यांना शब्दांत सांगता येत नाही. या सगळ्यांची लक्षणे विस्मरणासारखीच दिसतात आणि यांतल्या बहुतेकांवर इलाज आहे.

खालांच्या मुलाचे तेच निघाले. थायरॉइड मंदावलेले आणि दोन्ही कान मळाने बंद. गोळी सुरू झाली, कान साफ झाले. दोन-तीन महिन्यांत तो पुन्हा ग्लास मांडू लागला.

तुमच्या घरात, नात्यात असे कोणी असेल तर एवढे करा. दरवर्षी थायरॉइड, कान आणि डोळे तपासून घ्या. घोरत असेल, झोपेत दचकत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. पस्तिशीच्या आतबाहेर एकदा वहीत लिहून ठेवा: तो स्वतः काय करतो, कपडे कसे घालतो, कोणाची नावे घेतो. मोबाईलवर दोन मिनिटांचे चित्रण केले तरी चालेल. पुढे काही बदलले तर डॉक्टरांपुढे ठेवायला तीच खरी मोजपट्टी. आणि लक्षात ठेवा, यांच्यात आजाराची सुरुवात अनेकदा विसरण्याने होत नाही, स्वभाव बदलण्याने होते. माणूस गप्प होतो, चिडतो, आवडीचे काम सोडतो.

त्याचे काम मात्र काढून घेऊ नका. खालांचा मुलगा आजही कधी एक ग्लास जास्त मांडतो. खाला तो उचलत नाहीत. म्हणतात, "राहू दे, पाहुणा आला तर!"