धावगीचा धूर आणि पालीची मुले : आयुक्तांना निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
मीरा-भाईंदर महानगरपालिका,
स्व. इंदिरा गांधी भवन, भाईंदर (पश्चिम).

विषय : धावगी येथील घनकचरा प्रकल्पाच्या धुरामुळे पाली व परिसरातील मुलांच्या आरोग्यावर होणारा परिणाम, तसेच शाळा, रस्ता व समुद्रकिनाऱ्यावरील त्यांची सुरक्षितता.

महोदय,

आम्ही पाली गावातील पालक, मच्छीमार व ग्रामस्थ हे निवेदन आपणास सादर करीत आहोत. धावगीचा प्रकल्प हलवावा, ही उत्तन, पाली, चौक आणि डोंगरीकरांची मागणी जुनी आहे. त्यासाठी आंदोलने झाली, कचऱ्याच्या गाड्या अडवल्या गेल्या. ती मागणी आम्ही सोडलेली नाही, पण आज वेगळ्या गोष्टीसाठी आलो आहोत. धावगीच्या डोंगरावर रोज किती टन कचरा चढतो, किती टनांवर प्रक्रिया होते, ठेकेदाराचे देयक किती झाले, या सगळ्याचे कागद पालिकेत तयार होतात. त्या डोंगराखाली वाढणाऱ्या मुलांच्या छातीचे काय झाले, याचा कागद मात्र आजवर आमच्या पाहण्यात आलेला नाही. तो तयार व्हावा, ही या निवेदनातील मुख्य मागणी आहे.

उन्हाळ्यात धावगीवर आगी लागतात, हे आपल्या अग्निशमन विभागाला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. ढिगाच्या पोटात मिथेन साठतो. वरून पाणी मारले तरी आत धुमसत राहते आणि वारा फिरला की धूर गावावर उतरतो. मग ऐन उकाड्यात घरोघरी खिडक्या लावून घ्याव्या लागतात, दाराच्या फटीत ओले फडके कोंबावे लागते. वलांडीवरच्या बोंबलांनाही जळक्या प्लास्टिकचा वास लागतो. दम्याचे मूल मध्यरात्री आईच्या मांडीवर, तोंडावर नेब्युलायझरचा मास्क लावून बसते. ज्यांच्याकडे यंत्र नाही ते शेजाऱ्याचे दार ठोठावतात. सकाळी ते मूल शाळेत जात नाही. हजेरीपटावर गैरहजेरी लागते, दवाखान्याच्या चिठ्ठीवर खोकला लिहिला जातो. धुराची नोंद दोन्हीकडे होत नाही, आणि नोंद नाही म्हणून सरकारदरबारी त्रासही नाही.

लहान मूल मोठ्या माणसापेक्षा भरभर श्वास घेते, त्यामुळे वजनाच्या मानाने जास्त हवा आणि जास्त धूर त्याच्या आत जातो. पीएम 2.5 या सूक्ष्म कणांसाठी आपल्या देशाची 24 तासांची मर्यादा घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ती 15 ठेवली. आगीच्या रात्री पालीत हा आकडा कुठे जातो, हे मोजल्याशिवाय कोणीच सांगू शकणार नाही.

अशा वेळी प्रशासन काय करू शकते, याची उदाहरणे दूरची नाहीत. जानेवारी 2016 मध्ये देवनारची क्षेपणभूमी पेटली तेव्हा मुंबई महापालिकेने आसपासच्या आपल्या शाळा बंद ठेवल्या. मार्च 2023 मध्ये कोचीजवळच्या ब्रह्मपुरम येथे आग लागल्यावर लहान वर्गांना सुट्टी देण्यात आली, आरोग्य पथके वस्त्यांत फिरली आणि राष्ट्रीय हरित लवादाने तेथील महापालिकेला 100 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडापर्यंत वेळ येण्याआधी पथके फिरवणे स्वस्त पडते, एवढेच नम्रपणे सुचवावेसे वाटते.

म्हणून आमची पहिली मागणी अशी, की पाली, चौक, उत्तन व डोंगरी येथील 18 वर्षांखालील सर्व मुलांची श्वसन, त्वचा व डोळ्यांची तपासणी येत्या उन्हाळ्याआधी एकदा आणि उन्हाळा संपताना पुन्हा एकदा व्हावी. यासाठी नवी योजना लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी सुरू झाला तो शेजारच्या पालघरमध्ये. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी, हे त्याच कार्यक्रमात आहे. तपासणीच्या अर्जात घर क्षेपणभूमीपासून किती अंतरावर आहे आणि धुराच्या दिवसांत त्रास वाढतो का, हे दोन रकाने वाढवावेत. मुलांची नावे गुप्त ठेवून एकत्रित आकडे दरवर्षी जाहीर करावेत. सोबत गावात हवामापन यंत्र बसवावे आणि त्याचा फलक शाळेसमोर लावावा. आग लागली की शाळांना त्याच तासात निरोप जाईल, अशी लेखी पद्धत ठरवावी. मैदानावरचा पीटीचा तास धुरात होऊ नये, इतकी साधी अपेक्षा आहे.

दुसरी मागणी रात्रीची. श्वास अडकलेल्या मुलाला घेऊन डोंगरी, मोर्वा, राई, मुर्धा असा पट्टा ओलांडत भाईंदर पश्चिमेच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयापर्यंत जायचे, तर रिक्षा मिळण्यापासून सुरुवात असते. आगीच्या हंगामात तरी उत्तन परिसरात ऑक्सिजन, नेब्युलायझर आणि डॉक्टर रात्रभर असावेत व एक रुग्णवाहिका इथेच उभी राहावी.

हाच रस्ता सकाळी मुलांचा शाळेचा रस्ता आहे आणि कचऱ्याच्या गाड्यांचाही. वळणे अरुंद, पदपथ बहुतेक ठिकाणी नाहीत. शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी या गाड्या थांबवून ठेवाव्यात. यात खर्च काहीच नाही, फक्त आदेश लागतो.

किशोरवयीन मुलांच्या व्यसनांबद्दल आम्ही स्वतःलाही बाजूला ठेवत नाही. बंदरावर पोरगा काय ओढतो हे पाहण्याचे काम आमचे आहे. पण 2003 च्या कायद्यानुसार शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला बंदी आहे, आणि अल्पवयीनाला तंबाखू वा नशेचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 77 नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. टपरीवाल्याकडून 200 रुपये दंड घेऊन सोडून देणे पुरेसे नाही. एमडी या अमली पदार्थाचे जाळे या शहरापर्यंत पोहोचले आहे, हे पोलिसांच्याच कारवायांतून दिसते. शाळांत समुपदेशक हवा आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समित्यांच्या बैठका खरोखर व्हाव्यात. बदलापूरच्या शाळेतील 2024 मधील बाललैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर शासनाने जे आदेश काढले, त्यांची शाळानिहाय अंमलबजावणी आम्हाला कळावी.

समुद्राविषयी थोडक्यात. पावसाळ्यात आणि 8 सप्टेंबरच्या वेलंकनी मातेच्या सणाला किनाऱ्यावर बाहेरची गर्दी असते. कोणी बुडू लागले की उडी घेतात ती आमचीच पोरे, बहुधा हातात दोरसुद्धा नसताना. जून ते सप्टेंबर जीवरक्षक नेमावेत आणि गावातल्या तरुणांना प्रशिक्षण, रिंग व जॅकेट द्यावेत.

सार्वजनिक आरोग्य आणि कचऱ्याची विल्हेवाट ही महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 63 नुसार पालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत. वरील मागण्यांपैकी कोणती मान्य, कोणती अमान्य आणि का, याचे लेखी उत्तर 30 दिवसांत मिळावे. तपासणीची तारीख आपण कळवावी; मुलांना घेऊन येण्याची जबाबदारी गावाची. तारीख न कळल्यास आम्ही स्वतः डॉक्टर बोलावून तपासणी करू आणि ते आकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळापुढे ठेवू.

आपले विनीत,
समस्त पालक, मच्छीमार व ग्रामस्थ, पाली

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मा. पोलीस आयुक्त, मीरा-भाईंदर, वसई-विरार
मा. जिल्हाधिकारी, ठाणे
वरिष्ठ पोलीस निरीक्षक, उत्तन सागरी पोलीस ठाणे